दुखावलेला गुडघा आणि वाचनाचा विवेक



गेल्या वर्षी आपल्या शाळेच्या खो-खो संघाचा सराव चालू असताना घडलेली एक गोष्ट तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक आहे; परंतु त्या गोष्टीतील माझा वाटा फारच थोड्यांना ठाऊक आहे. तो सांगूनच ह्या पाठास आरंभ करणे मला योग्य वाटते. संबंधित विद्यार्थिनीची व तिच्या आईवडिलांची तशी संमती मी घेतली आहे.

इयत्ता नववीतील ही मुलगी खांबाला वळसा घालून परत फिरत होती. तिला कोणाचा धक्का लागला नाही, की ती कोणावर आदळली नाही. पाऊल जमिनीत रुतल्यासारखे जागीच राहिले, शरीर मात्र वळले, आणि गुडघ्यात ‘टक्’ असा आवाज झालेला तिने स्वतः ऐकला. तासा-दीड तासात गुडघा सुजून टम्म झाला. त्याच संध्याकाळी वडिलांनी तिला रुग्णालयात नेले. क्ष-किरणांचे चित्र काढण्यात आले; हाडे शाबूत होती. गुडघ्याला पट्टा बांधून डॉक्टरांनी सांगितले की, सूज ओसरली की आठवड्याने पुन्हा तपासणीस या.

आठवड्यात सूज उतरली आणि वेदनाही कमी झाल्या. दरम्यान वडिलांनी मोबाइलवर शोध घेतला होता. एका ठिकाणी ‘पूर्ण विश्रांती घ्या’ असे होते, दुसऱ्या ठिकाणी ‘लवकरात लवकर हालचाल सुरू करा’ असे होते, आणि तिसरीकडे शस्त्रक्रियेवाचून तरणोपाय नाही असे ठासून लिहिले होते. ते गोंधळले आणि मी विज्ञान शिकवतो म्हणून मला विचारते झाले. मी त्यांना एक चित्रफीत पाठविली. तीत एक गृहस्थ अत्यंत सोप्या, गोड मराठीत सांगत होते, ‘हाड मोडलेले नाही ना? मग घाबरू नका. कोमट तेलाने मालिश करा, बैठका काढा, एकवीस दिवसांत गुडघा पूर्ववत होईल.’ मी ती चित्रफीत शेवटपर्यंत पाहिलीसुद्धा नव्हती. पहिली दोन मिनिटे पाहिली, भाषा आवडली आणि पाठवून दिली.

पुन्हा तपासणीस जाणे राहून गेले. बाविसाव्या दिवशी मुलगी मैदानावर उतरली आणि पहिल्याच वळणाला तिचा गुडघा निसटला. एमआरआय तपासणी झाली तेव्हा कळले की, गुडघ्यातील एक महत्त्वाचा बंध बहुधा पहिल्याच दिवशी तुटला होता. आता त्याबरोबर आतली गादीही फाटली होती.

शिक्षकाने पाठविले म्हणून वडिलांनी विश्वास ठेवला. शिक्षकाने मात्र, परीक्षेच्या उत्तरपत्रिकेला जितकी कसोटी लावली असती तितकीही त्या मजकुराला लावली नाही. आरोग्यविषयक मजकूर कसा पारखावा हे त्यानंतर मी शिकत गेलो. जे शिकलो ते तुमच्यापुढे आणि तुमच्या घरच्या मंडळींपुढे मांडावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

गुडघ्याची रचना

मजकूर पारखायचा तर विषयाची थोडी ओळख हवी. गुडघा हा आपल्या शरीरातील सर्वांत मोठ्या सांध्यांपैकी एक आहे. वर मांडीचे हाड, खाली नडगीचे हाड आणि पुढे ढालीसारखी वाटी अशा तीन हाडांनी तो घडलेला आहे. मांडीच्या हाडाचे खालचे टोक गोलसर आणि नडगीच्या हाडाचा माथा जवळजवळ सपाट असतो. ताटावर दोन चेंडू ठेवावेत तशी ही मांडणी. ती जागच्या जागी राहते ती केवळ हाडांच्या आकारामुळे नव्हे, तर त्यांना बांधून ठेवणाऱ्या बंधांमुळे व भोवतालच्या स्नायूंमुळे.

मुख्य बंध चार आहेत. दोन बाजूंना दोन बंध असतात. ते गुडघ्याला आडवे वाकू देत नाहीत. उरलेले दोन सांध्याच्या आत, एकमेकांना फुलीसारखे छेदून जातात. त्यांतील पुढच्या बंधाला डॉक्टर ‘एसीएल’ म्हणतात. त्याची लांबी सुमारे तीन सेंटिमीटर; परंतु धावता धावता एकाएकी थांबणे, वळणे, उडी मारून एका पायावर उतरणे ह्या सर्व क्रियांत नडगीला पुढे सरकू न देण्याचे काम मुख्यत्वेकरून तोच करतो. हा बंध तुटण्याचे बहुसंख्य प्रसंग धक्का न लागताच घडतात. उडी मारण्याच्या आणि वळण्याच्या खेळांत ही दुखापत मुलांपेक्षा मुलींना अधिक प्रमाणात होते असेही आढळले आहे.

दोन हाडांच्या मध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन गाद्या असतात. त्या कूर्चेच्या, म्हणजे कानाच्या पाळीवरचा भाग ज्या जातीच्या लवचिक पदार्थाचा असतो, साधारण त्या जातीच्या असतात. त्या भार वाटून घेतात व धक्के शोषतात. त्यांच्या बाहेरच्या कडेलाच रक्ताचा पुरवठा असतो. म्हणून आतल्या भागात पडलेली चीर सहसा आपोआप भरून येत नाही.

आता वरील घटनेकडे पुन्हा पाहा. क्ष-किरणांच्या चित्रात हाडे दिसतात. बंध आणि गाद्या दिसत नाहीत. ‘चित्रात काही नाही’ ह्याचा अर्थ ‘हाड मोडलेले नाही’ एवढाच होतो. ‘टक्’ असा आवाज, थोड्याच तासांत चढलेली सूज आणि पाय टाकताना गुडघा निसटल्याची जाणीव ही तीन लक्षणे एकत्र आली की पुढचा बंध तुटल्याची शंका घ्यावी, हे वैद्यकातील जुने ज्ञान आहे. आणि सूज उतरली म्हणजे बंध जुळला असे नव्हे. डळमळीत गुडघ्यावर खेळले की मधल्या गाद्या भरडल्या जातात. चित्रफितीतील गृहस्थांचे ‘हाड मोडलेले नाही ना?’ हे वाक्य येथेच चुकले होते.

गुणवत्तेची पारख

आरोग्यविषयक मजकुराचे मोजमाप दोन अंगांनी करावे लागते. एक त्याची गुणवत्ता, म्हणजे तो कितपत खरा, पुरा आणि निःस्वार्थ आहे. दुसरे त्याची सुबोधता, म्हणजे ज्याच्यासाठी तो लिहिला त्याला तो कितपत समजतो. ही दोन अंगे अगदी वेगळी आहेत आणि ती एकच मानण्यात माझी चूक झाली होती.

गुणवत्तेसंबंधी अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात १९९७ साली चार साध्या अटी मांडण्यात आल्या. त्या काळी इंटरनेट घरोघरी नुकतेच पोहोचू लागले होते. त्या अटी अशा : लेखक कोण आणि त्याची पात्रता काय, हे लिहिलेले असावे, माहिती कोठून घेतली, ते सांगितलेले असावे, संकेतस्थळ कोणाच्या मालकीचे व कोणाच्या पैशावर चालते, हे उघड केलेले असावे, आणि मजकूर केव्हा लिहिला व केव्हा सुधारला, त्या तारखा असाव्यात. ह्या चार अटी पूर्ण झाल्या म्हणजे मजकूर खराच असतो असे नाही. परंतु ज्या मजकुरात ह्यांपैकी एकही नाही, त्याच्यावर विसंबण्याचे काही कारण उरत नाही.

पुढे १९९९ साली इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथील अभ्यासकांनी ‘डिसर्न’ नावाची सोळा प्रश्नांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. ती उपचारांविषयीच्या मजकुरासाठी आहे व प्रत्येक प्रश्नाला एक ते पाच गुण देता येतात. तिच्यातील काही प्रश्न वैद्यकाचे शिक्षण नसलेल्या माणसालाही विचारता येण्याजोगे आहेत. उपचाराचे फायदे सांगितले तसे धोकेही सांगितले आहेत काय? काहीच उपचार केला नाही तर काय होईल, हे सांगितले आहे काय? एकाहून अधिक मार्ग असू शकतात, हे मान्य केले आहे काय? जेथे ज्ञान अपुरे आहे, तेथे तसे कबूल केले आहे काय? ह्यातील शेवटचा प्रश्न मला विशेष मोलाचा वाटतो. खात्रीचा सूर हा ज्ञानाचा पुरावा नव्हे. कित्येकदा तो अज्ञानाचाच असतो.

तारीख का पाहावी, ह्याचे एक उदाहरण सांगतो. मुरगळलेल्या वा दुखावलेल्या सांध्याला विश्रांती, बर्फ, दाब आणि उंचावर ठेवणे, हा चतुःसूत्री उपाय अमेरिकेतील डॉक्टर गेब मर्किन ह्यांनी १९७८ साली आपल्या पुस्तकातून लोकप्रिय केला. जगभरच्या क्रीडाशिक्षकांनी तो पाठ केला. मीही केला होता. परंतु त्याच मर्किन ह्यांनी २०१४ साली जाहीरपणे लिहिले की, बर्फ आणि संपूर्ण विश्रांती ह्यांमुळे दुखापत भरून येण्यास उलट उशीर होऊ शकतो. आज बर्फाकडे काही वेळ वेदना कमी करणारे साधन म्हणून पाहतात आणि सोसेल तितकी हालचाल, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, लवकर सुरू करण्याकडे कल आहे. आपल्या विद्यार्थिनीच्या वडिलांना ‘पूर्ण विश्रांती’ आणि ‘लवकर हालचाल’ असे दोन उलट सल्ले मिळाले, त्याचे एक कारण हे असू शकते की, ते वेगवेगळ्या काळांतील होते. स्वतःचे मत बदलणाऱ्या डॉक्टरांबद्दल आपण आदरच बाळगावा. मात्र त्यांचे कोणते मत आपण वाचत आहोत, हे तारखेवरूनच कळते.

दुसरे उदाहरण ‘शस्त्रक्रियेवाचून तरणोपाय नाही’ ह्या विधानाचे. स्वीडनमध्ये पुढचा बंध तुटलेल्या १२१ तरुण प्रौढांवर एक प्रयोग झाला व त्याचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने त्यांचे दोन गट पाडले. एका गटाची शस्त्रक्रिया लवकर केली; दुसऱ्या गटाला आधी शिस्तबद्ध व्यायामोपचार दिले आणि गरज भासली तरच पुढे शस्त्रक्रिया केली. दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या प्रकृतीत लक्षणीय अंतर आढळले नाही आणि दुसऱ्या गटातील निम्म्याहून अधिक लोकांना तोवर शस्त्रक्रिया करावी लागली नव्हती. म्हणजे सरसकट विधान टिकत नाही.

परंतु येथेच थांबून ‘शस्त्रक्रिया नकोच’ असे म्हणणाराही तितकाच चुकतो. त्या प्रयोगातील माणसे १८ ते ३५ वर्षे वयाची होती. आपली विद्यार्थिनी चौदा वर्षांची होती आणि तिची गादीही फाटली होती. म्हणून कोणत्याही मजकुराला आणखी एक प्रश्न विचारावा : हे ज्यांच्यावर पाहिले गेले, ती माणसे माझ्यासारखी आहेत काय? त्याचे उत्तर देण्यासाठीच गुडघ्याला हात लावून तपासणारा डॉक्टर लागतो.

शिक्क्यांविषयीही दोन शब्द. जिनिव्हा येथील एक संस्था विश्वसनीय आरोग्य-संकेतस्थळांना १९९६ पासून आपले मानचिन्ह देत असे. २०२२ च्या अखेरीस तिचे ते काम बंद पडले. तेव्हा एखाद्या जुन्या पानावर असे चिन्ह आढळले, तर ते आज कोणी तपासलेले आहे असे समजू नये. शिक्का पाहण्याआधी शिक्का मारणारा हयात आहे की नाही ते पाहावे.

सुबोधतेची मोजणी

आता दुसरे अंग. मजकूर कितपत सोपा आहे, हे मोजता येते काय? व्हिएन्नात जन्मून अमेरिकेत स्थायिक झालेल्या रुडॉल्फ फ्लेश ह्यांनी १९४८ साली त्यासाठी एक सूत्र दिले. एका वाक्यात सरासरी किती शब्द येतात ते काढून त्यास १·०१५ ने गुणावे. एका शब्दात सरासरी किती उच्चारावयव येतात ते काढून त्यास ८४·६ ने गुणावे. हे दोन्ही गुणाकार २०६·८३५ मधून वजा करावेत. उत्तर शंभराच्या जवळ आले तर मजकूर फार सोपा, शून्याच्या जवळ आले तर फार अवघड. साठ ते सत्तर गुणांचा मजकूर साधा समजला जातो. १९७५ साली अमेरिकेच्या नौदलासाठी किंकेड व त्यांचे सहकारी ह्यांनी हेच सूत्र बदलून उत्तर ‘इयत्ते’त येईल असे केले. लांब वाक्ये आणि लांब शब्द ह्यांनी वाचक दमतो, एवढेच तत्त्व ह्या सगळ्यामागे आहे.

अमेरिकेत वैद्यक संघटनेची शिफारस अशी की, रुग्णांसाठीचा मजकूर इयत्ता सहावीपर्यंतच्या वाचकाला समजावा. गुडघ्याच्या दुखापतीविषयीची इंग्रजी पाने ह्या सूत्रांनी तपासली असता बहुतेक त्याहून बऱ्याच वरच्या इयत्तेची ठरली, असे अनेक अभ्यासकांना आढळले आहे. म्हणजे जी माहिती बिनचूक आहे, तीही ज्याच्या पायाला लागले आहे त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

हे सूत्र इंग्रजीसाठी बनले आहे. त्यातील आकडे मराठीला जसेच्या तसे लागू पडणार नाहीत. तरीही वाक्ये व शब्द मोजण्याची रीत आपण वापरून पाहू. पुढील दोन उतारे मी स्वतः तयार केले आहेत. आशय दोहोंत एकच आहे.

पहिला : ‘अग्र स्वस्तिकाकार अस्थिबंधाच्या विदारणानंतर सांध्याच्या अस्थैर्यामुळे अर्धचंद्राकृती कूर्चेस दुय्यम इजा संभवत असल्याने विशेषज्ञांच्या अनुमतीविना क्रीडेस पुनरारंभ करणे वर्ज्य समजावे.’

दुसरा : ‘गुडघ्यातील पुढचा बंध तुटला की गुडघा डळमळतो. अशा गुडघ्यावर खेळले तर आतली गादीही फाटू शकते. म्हणून डॉक्टरांनी सांगेपर्यंत खेळू नका.’

मोजून पाहा. पहिल्यात १९ शब्द आणि एकच वाक्य आहे. दुसऱ्यात २० शब्द आहेत, परंतु वाक्ये तीन. म्हणजे वाक्यामागे सरासरी सातही शब्द पडत नाहीत. पाच वा अधिक अक्षरांचे शब्द पहिल्यात आठ आहेत, दुसऱ्यात चार. एक शब्द अधिक खर्चून दुसऱ्या उताऱ्याने केवढे काम साधले! आणि तो कमी शास्त्रशुद्ध आहे काय? मुळीच नाही, त्यातून एकही तथ्य गळलेले नाही.

परंतु मोजणीची मर्यादाही ह्याच उदाहरणात दिसते. दुसऱ्या उताऱ्यातील चार लांब शब्द कोणते? ‘गुडघ्यातील’, ‘डळमळतो’, ‘गुडघ्यावर’ आणि ‘सांगेपर्यंत’. तिसरीतील मूलही ते सहज वाचते. आपल्या भाषेत प्रत्यय व शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटतात, म्हणून शब्द लांब होतो. पण त्यामुळे तो कठीण होत नाही. उलट ‘कूर्चा’ हा शब्द दोनच अक्षरांचा आहे आणि तो मोठ्या माणसांनाही अडतो. तेव्हा मराठीत केवळ अक्षरे मोजून भागणार नाही. शब्द घरात बोलला जातो की नाही, समास किती आहेत आणि क्रियापदाची वाट किती वेळ पाहावी लागते, हे पाहावे लागेल. अशी मराठीची स्वतःची कसोटी भाषेच्या आणि गणिताच्या विद्यार्थ्यांनी मिळून घडवावी, असे हे काम आहे.

ह्या कामात आपल्या बडोदे शहराला परका वाटावा असा काहीच भाग नाही. शरीर, व्यायाम आणि खेळ ह्यांविषयीचा ‘व्यायामज्ञानकोश’ हा दहा खंडांचा मराठी ग्रंथ ह्याच नगरीत द. चिं. मुजुमदार ह्यांच्या संपादकत्वाखाली सिद्ध झाला. जुम्मादादा व्यायाममंदिराचे प्राध्यापक माणिकराव ह्यांनी येथेच पिढ्या घडविल्या. आखाड्यातल्या मराठीला सांधा, लचक, मुरगळ, उसण, निखळणे हे सारे शब्द पूर्वीपासून अवगत आहेत. त्यांतील ज्ञान आजच्या शास्त्राने तपासून घ्यावे लागेल; शब्द मात्र आपले तयार आहेत.

चार प्रकारचे मजकूर

आता दोन्ही अंगे एकत्र करू. मजकूर चार प्रकारचे असू शकतात : खरा आणि सोपा, खरा पण अवघड, खोटा आणि अवघड, खोटा पण सोपा. पहिला प्रकार उत्तम, हे सांगायला नको. दुसरा उपयोगी आहे, पण कोणी तरी समजावून द्यावा लागतो. तिसऱ्यापासून फारसे भय नाही, कारण तो बहुधा कोणी वाचतच नाही. सर्वांत घातक चौथा. तो मनात चटकन उतरतो, तोंडी लागतो आणि एका बोटाने शंभर घरी पोहोचतो.

मी पाठविलेली चित्रफीत नंतर शांतपणे पुन्हा पाहिली. सुबोधतेत तिला पैकीच्या पैकी गुण द्यावे लागतील. गुणवत्तेच्या चार अटी लावल्या, तर बोलणाऱ्याचे शिक्षण सांगितलेले नव्हते, आधार दिलेला नव्हता, बनविल्याची तारीख बोलण्यात कोठेही नव्हती. आणि शेवटच्या मिनिटात, जो भाग मी पाहिलाच नव्हता, त्यात एका तेलाच्या बाटलीची किंमत व मागणी नोंदविण्याचा क्रमांक होता. चारांपैकी शून्य.

आजकाल प्रश्न टाकताच यंत्रच सुबक मराठीत उत्तर रचून देते. त्यालाही हीच कसोटी लावावी. यंत्राची भाषा सफाईदार असते. पण आधार विचारावा, तो उघडून पाहावा, आणि गुडघा त्याने पाहिलेला नाही हे विसरू नये.

वाचन थांबवून निघावे केव्हा

काही प्रसंगी मजकूर शोधत बसणेच चूक ठरते. इजा झाल्यानंतर चार पावलेही टाकता येत नसतील, गुडघा काटकोनापर्यंत वाकत नसेल, वाटी दाबल्यावर किंवा गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूस जेथे बारीक हाडाचे टोक लागते तेथे दाबल्यावर दुखत असेल, तर हाड मोडल्याची शक्यता धरून क्ष-किरण-चित्र काढावे. कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या नियमावलीत ह्या खुणा आहेत. वय ५५ किंवा अधिक असणे हीही त्यांतीलच एक खूण आहे. आजी-आजोबांच्या बाबतीत ती लक्षात ठेवावी.

त्याखेरीज, काही तासांतच मोठी सूज चढली, गुडघा मध्येच अडकून सरळ होईनासा झाला किंवा चालताना निसटू लागला, तर हाड शाबूत असले तरी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. पाऊल गार पडले, बधिर झाले, किंवा गुडघ्याचा आकारच बदललेला दिसला, तर क्षणाचाही विलंब लावू नये. गुडघा लाल, गरम होऊन ताप आला तरीही तेच करावे. आणि डॉक्टरांनी पुन्हा बोलावले असेल, तर दुखणे थांबले म्हणून ती भेट चुकवू नये. पहिल्या दिवशी सुजेमुळे व वेदनेमुळे जो बंध नीट तपासता येत नाही, तो पुढच्या भेटीत तपासता येतो. त्यासाठीच ती भेट असते.

समारोप

आपल्या विद्यार्थिनीवर शस्त्रक्रिया झाली. बंध नवा बसविला, गादी शिवली. त्यानंतरचे महिने तिने मांडीच्या स्नायूंच्या व्यायामात घालविले. अशा शस्त्रक्रियेनंतर निदान नऊ महिने तरी वळण्या-उड्यांच्या खेळात परतू नये, आणि तेही पायाची ताकद तपासूनच, असे आज सांगितले जाते. तिने ते तंतोतंत पाळले. ह्या वर्षीच्या आंतरशालेय सामन्यांत ती खेळली नाही. मैदानाच्या कडेला बसून गुणलेखन करीत होती. मी तिच्याजवळ जाऊन बसलो तेव्हा तिने मला विचारले, “सर, ती चित्रफीत अजून आहे का हो तिथे?” होती. आजही आहे. मी तक्रार नोंदविली आहे. परंतु ती काढून टाकणे माझ्या हाती नाही. ती पुढे न पाठविणे मात्र माझ्या हाती होते.

म्हणून पुढील स्वाध्याय तुम्हां सर्वांसाठी आहे व तो घरच्या वडीलधाऱ्यांसह करावा.

१. घरातील मोबाइलवर नुकताच आलेला आरोग्यविषयक एक मजकूर घ्या. लेखक, आधार, पैसा आणि तारीख ह्या चार अटींपैकी तो किती पुऱ्या करतो, ते लिहा.

२. त्यात फायद्यांबरोबर धोके सांगितले आहेत काय? उपचार न केल्यास काय होईल, हे सांगितले आहे काय?

३. त्यातील कोणतीही पाच वाक्ये घेऊन वाक्यामागे सरासरी किती शब्द पडतात, ते काढा. सर्वांत अवघड वाक्य आजीला समजेल अशा शब्दांत पुन्हा लिहा. मात्र एकही तथ्य गळू देऊ नका.

४. हे सर्व करून झाल्यावरच तो मजकूर पुढे पाठवायचा की नाही, ते ठरवा.

तुमची उत्तरे वहीत लिहून मजकडे आणून द्यावीत. मी माझे उत्तर आधीच लिहून ठेवले आहे आणि त्यावर मिळालेले गुण तुम्हांला वर सांगितलेच आहेत.